मशीनची साक्ष

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक घडली. चूक एका शब्दाची होती. जन्मभर इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाकडून भाषांतराच्या चुका होतच असतात आणि आम्ही त्या फारशा मनाला लावून घेत नाही. ही चूक मात्र मनातून गेली नाही, म्हणून हा लेख.

धाराशिव शहरात आमच्या एका मरहूम मित्राचे घर आहे. त्याचा मुलगा मोटार रिवायंडिंगचे दुकान चालवतो. निकाहाला नऊ वर्षे झाली, घरात मूल नाही. या नऊ वर्षांत जे जे व्हायचे ते सगळे झाले. ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यात मन्नत मागून झाली. शेजारणीने तुळजापूरहून आणलेला अंगारा सुनेने मुकाट्याने ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला. बार्शीचे औषध झाले, लातूरच्या तपासण्या झाल्या. शेवटी सोलापूरच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सुरू झाला. आमच्या जिल्ह्यातली माणसे अशा कामासाठी सोलापूर, लातूर, नाही तर पुणे गाठतात. एका खेपेचा खर्च दीड-दोन लाख. पहिल्या खेपेला सुनेचे माहेरचे दागिने गेले.

दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला. कागद इंग्रजीत, म्हणून आम्हाला बोलावणे आले. कोर्टाची नोटीस, बँकेचे पत्र, पासपोर्टचा अर्ज, हज कमिटीचा फॉर्म, मोहल्ल्यातले असले सगळे कागद वाचून दाखवण्याचे काम निवृत्तीनंतरही आमच्याकडेच आहे. पलंगावर भाभी बसलेल्या, म्हणजे मित्राच्या पत्नी. मुलगा दाराशी उभा. सून स्वयंपाकघराच्या पडद्याआड. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, क्या लिखे सो जरा पढके बोलो."

कागदावर अकरा स्त्रीबीजांची छायाचित्रे होती. करड्या रंगाच्या गोल चकत्याच त्या. प्रत्येकीखाली एक आकडा आणि एक शब्द. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की, हे मूल्यमापन संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने केले आहे. सात चकत्यांखाली 'पुअर' असा शब्द होता. आम्ही तो मोठ्याने वाचला आणि शिक्षकी सवयीने लगेच अर्थही सांगितला, "खराब".

भाभी म्हणाल्या, "मतलब खराबी बहू में है."

कोणी काही बोलले नाही. पडदा हलला तेवढा. चहा आला तो मुलाने आणला, सुनेने नाही.

घरी परतल्यावर आम्हाला झोप आली नाही. त्या कागदावरच्या 'पुअर'चा अर्थ एवढाच होता की, या बीजापासून पाचव्या दिवसापर्यंत टिकणारा भ्रूण तयार होण्याची शक्यता कमी. 'खराब' हा शब्द आमचा. संगणकाने शक्यता सांगितली आणि आम्ही तिचा दोष करून टाकला. पण मग असेही वाटले की, चूक फक्त आमची आहे का? जिथे नऊ वर्षे एका बाईकडे बोट दाखवले जात आहे, त्या घरात आकडे घातलेला कागद पाठवला तर त्याचा दुसरा कोणता अर्थ होणार? आकड्याला घर नसते, पण तो ज्या घरात जातो त्या घराची भाषा बोलू लागतो.

त्यानंतरचे काही महिने आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत होतो. सोलापूरला त्या दोघांबरोबर एकदा जाऊनही आलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

हे शास्त्र तसे तरुण आहे. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले जगातले पहिले मूल म्हणजे लुईज ब्राउन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. पण सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ज्यांना या विषयातले कळत नव्हते, त्यांनी निकाल दिला होता. मूल्यमापन हा शब्द आला की आम्हाला हे प्रकरण आठवते. आपल्या महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या चमूच्या कामातून हर्षा जन्मली. मुखोपाध्यायांचा मान त्यांना परत मिळवून देण्यासाठी पुढे १९९७ मध्ये याच आनंदकुमारांनी पुढाकार घेतला, हेही इथे नोंदवायला हवे.

आता मशीन काय करते ते पाहू. उपचारात बाईला आठ-दहा दिवस इंजेक्शने देतात. त्यामुळे एरवी महिन्याला एक पिकणारे बीज, ती एकदम दहा-बारा पिकतात. सुईने ती बाहेर काढतात, पुरुषाच्या शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवतात. सगळी फळत नाहीत. जी फळतात त्यांतली सुमारे निम्मीच पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत टिकतात. टिकलेल्यांपैकी आधी गर्भाशयात कोणता भ्रूण ठेवायचा, हा प्रश्न. अनेक वर्षे तो भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहून सोडवत आले. १९९९ पासून गार्डनर यांची श्रेणीपद्धत जगभर चालते. तिच्यात एक आकडा आणि दोन अक्षरे असतात. आकडा भ्रूण किती फुगला ते सांगतो. पहिले अक्षर ज्या पेशींपासून बाळ होते त्यांचे, दुसरे ज्यांपासून वार होते त्यांचे. 'चार-ए-ए' म्हणजे उत्तम. एकच भ्रूण दोन तज्ज्ञांना दाखवला तर अक्षर कधी कधी बदलते. थकलेला डोळा आणि ताजा डोळाही एकच पाहत नाही.

संगणकाचा उपयोग इथे सुरू झाला. भ्रूण ज्या उबदार पेटीत वाढतो तिच्यातच कॅमेरा बसवला, तो दर काही मिनिटांनी छायाचित्र घेतो. अशी हजारो भ्रूणांची छायाचित्रे आणि पुढे गर्भ राहिला की नाही हा निकाल, असे दोन्ही संगणकाला शिकवले. आता नवे छायाचित्र दाखवले की तो आकडा सांगतो. बीजाचेही तसेच. बीजाच्या बाबतीत तर माणसाच्या डोळ्याला फारसे काही सांगताच येत नव्हते, त्यामुळे तिथे संगणकाचे नवल अधिक.

नवल खरे किती? २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या चौदा दवाखान्यांत १०६६ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटात भ्रूण संगणकाने निवडला, दुसऱ्यात माणसाने. संगणकाच्या गटात गर्भ राहिला १०० पैकी ४६.५ जणींना, माणसाच्या गटात ४८.२ जणींना. संगणक माणसापेक्षा कमी नाही, एवढेही त्या अभ्यासातून सिद्ध झाले नाही. वेळ मात्र त्याला सुमारे दहापट कमी लागला. या आकड्यांकडे नीट पाहावे. निवड कोणीही केली तरी निम्म्याहून अधिक स्त्रियांना त्या खेपेला गर्भ राहिला नाही.

म्हणजे कागदावरचा ८.१ आणि ७.९ यांतला फरक किती खरा मानायचा? आपल्या धर्मपरंपरेत 'यकीन' आणि 'ज़न' असे दोन वेगळे शब्द आहेत. यकीन म्हणजे खात्रीचे ज्ञान, ज़न म्हणजे अंदाज. ज़नवर चालणे सर्वस्वी निषिद्ध नाही. वैद्य, शेतकरी, व्यापारी सगळे अंदाजावरच चालतात, आम्हीही चालतो. पण ज़नने यकीनचा पोशाख घालायचा नसतो. दशांश चिन्ह हा असाच एक पोशाख आहे. कोणी "बरा वाटतोय" म्हटले तर आपण विचारतो, "तुम्हाला कशावरून वाटते?" कोणी "७.९" म्हटले की आपण गप्प बसतो.

याउलट हजचा कुर्रा आठवा. हज कमिटीकडे अर्ज जागांपेक्षा जास्त आले की कुर्रा काढतात. आमचा नंबर दोनदा लागला नव्हता. तेव्हा मोहल्ल्यात कोणी म्हणाले नाही की, यांचा ईमान कच्चा म्हणून नंबर लागला नाही. कुर्रा प्रामाणिक असतो. आम्हाला निवडता येत नाही, हे तो उघड कबूल करतो. कुरआनातही मरयमचा सांभाळ कोणी करायचा यासाठी लेखण्या टाकून निर्णय घेतल्याचा उल्लेख आहे, आणि हक्क सारखे असतील तिथे कुर्रा काढायला आपल्या फिकहने मुभा दिली आहे. दोन भ्रूण डोळ्यांना सारखेच दिसत असतील आणि मशीनने त्यांत दोन दशांशांचा फरक सांगितला, तर तो फरक आम्हाला बराचसा कुर्र्यासारखा वाटतो. फक्त आपण कुर्रा आहोत हे तो सांगत नाही. आणि ज्याचा नंबर लागला नाही त्याच्या माथी 'खराब' असा शिक्का मारून जातो.

मशीन नकोच, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या काही जुन्या मित्रांना यंत्राचे नाव काढले की कयामतच दिसते. लाउडस्पीकरलाही एके काळी विरोध झाला होता. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आलेली बातमी पाहा. एक जोडपे जवळजवळ वीस वर्षे मुलासाठी धडपडत होते. पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू सापडतच नव्हते. संगणकाने सुमारे दोन तासांत पंचवीस लाख छायाचित्रे चाळली आणि दोन जिवंत शुक्राणू शोधून काढले. त्यांतून गर्भ राहिला. तंत्रज्ञ दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला असता तरी हे हाती लागणे कठीण होते. आम्हाला ही बातमी वाचून आनंद झाला.

पण मग इथे आनंद आणि तिथे शंका, असे का? पुष्कळ विचार केल्यावर फरक सापडला. कोलंबियाच्या मशीनने दाखवले. "इथे बघा" म्हणाली, माणसाने पाहिले, शुक्राणू तिथे होता. नसता तर माणसाने "नाही" म्हटले असते. सोलापूरच्या कागदाने दाखवले काहीच नाही, ठरवून टाकले. आम्ही तिथल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंना विचारले, "याच बीजाला कमी आकडा का मिळाला?" बाई सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "सर, ते मशीन मला सांगत नाही. मला हे बीज आणि ते बीज सारखेच दिसते." म्हणजे ज्याची उलटतपासणी घेता येत नाही, असा हा साक्षीदार.

आपल्या जुन्या काझींच्या कचेरीत साक्षीदाराची कशी परीक्षा होत असे, ते आठवावे. तो काय म्हणतो हे नंतर, आधी तो कोण आहे याची चौकशी. तिला 'तज़किया' म्हणत. त्याची वागणूक कशी, देणीघेणी काय, या पक्षाशी नाते काय, त्या पक्षाशी वैर काय. मगच साक्ष. आणि साक्ष द्यायची ती पाहिलेल्याची, अंदाजाची नव्हे. मशीनचा तज़किया करायचा तर पहिला प्रश्न असा की, बाई, तू शिकलीस कुठे? कोणत्या देशातल्या, कोणत्या वयाच्या स्त्रियांची छायाचित्रे पाहून शिकलीस? उमरगा-लोहाऱ्याच्या, परंड्याच्या बायका त्यांत होत्या का? दुसरा प्रश्न, तुला विकणाऱ्या कंपनीचा यात फायदा काय? तिसरा, तू चुकलीस तेव्हा कोणी मोजले का? हे प्रश्न दवाखान्यात कोणी विचारताना आम्हाला दिसले नाही. मशीनला साक्षीदार म्हणून बोलवावे, तिचे ऐकून घ्यावे, पण तिला काझीच्या गादीवर बसवू नये, असे आमचे मत झाले आहे. गादीवरच्या माणसाला निदान अल्लाहपुढे जाब द्यायचा असतो. मशीनला कसला जाब?

आता थोडे शरियतविषयी. टेस्ट ट्यूब बेबी जायज आहे का, असा प्रश्न अजूनही आमच्याकडे विचारला जातो. उत्तर जुने आहे. १९८० मध्ये इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जादुल हक यांनी आणि १९८६ मध्ये इस्लामी फिकह अकादमीने अम्मानच्या बैठकीत मान्यता दिली. अट अशी की, बीज पत्नीचे, शुक्राणू पतीचे, गर्भाशय त्याच पत्नीचे आणि निकाह कायम असला पाहिजे. तिसऱ्याचे काही चालणार नाही. हे बहुतेकांना ठाऊक असते. फारसे ठाऊक नसते ते पुढचे. १९९० मध्ये याच अकादमीने उरलेल्या भ्रूणांचा प्रश्न घेतला आणि सांगितले की, गरजेपुरतीच बीजे फळवावीत, जास्तीचे भ्रूण उरूच देऊ नयेत.

इथे एक पेच आहे. निवड करायची तर आधी जास्तीचे हवेत. एकच भ्रूण असेल तर मशीनला आकडा देऊन उपयोग काय? म्हणजे भ्रूण निवडणारे मशीन हे उरलेल्या भ्रूणांवरच जगते. त्यांचे काय करायचे? आपल्या देशाचा २०२१ चा कायदा ते दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवू देतो, नंतर नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. रूह फुंकली जाते ती एकशे वीस दिवसांनी, असे हदीसच्या आधारे बहुसंख्य उलेमा मानतात, तेव्हा पाच दिवसांच्या भ्रूणाला कोणी पूर्ण माणूस म्हणत नाही. पण तो कचराही नाही. तो अमानत आहे. कमी आकडा मिळाला म्हणून अमानतीची किंमत कमी होते का?

इटलीने २००४ मध्ये कायदाच केला होता की, तीनपेक्षा जास्त भ्रूण तयार करायचे नाहीत आणि तिन्ही एकदम ठेवायचे. स्त्रियांची फार ओढाताण झाली आणि २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती मर्यादा काढली. म्हणजे कायद्याचा दंडुका हाही मार्ग दिसत नाही. गंमत अशी की, ज्या बीज तपासणाऱ्या मशीनने आमच्या हातून ती चूक करवली, तेच मशीन फिकहच्या अंगाने भ्रूण तपासणाऱ्या मशीनपेक्षा बरे ठरते. बीज हा काही भ्रूण नव्हे. मशीन विश्वासार्ह झाले, तर चारच बीजे फळवावीत, उरलेली तशीच गोठवावीत असे करता येईल. अकादमीला १९९० मध्ये हवे होते ते साधेल. कागदावर हे फार सुंदर आहे. पण भ्रूण दोघांचा असतो आणि बीज एकट्या बाईचे. भ्रूणाला गुण कमी पडले तर दोघांना पडले. बीजाला कमी पडले तर फक्त तिला. फिकहला जे सोपे, तेच आमच्या घरांना जड. हा पेच आम्हाला अजून सुटलेला नाही आणि सुटल्याचा आव आणणार नाही.

आणखी एक भीती सांगून टाकतो. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये तो देशाचा झाला, २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात आली. म्हणजे प्रयोगशाळेतला भ्रूण मुलाचा की मुलीचा, हे पाहणे गुन्हा आहे. ठीक. पण प्रयोगशाळेत मुलग्याचा भ्रूण किंचित वेगाने वाढतो असे काही अभ्यासांत दिसले आहे, आणि पाचव्या दिवशी निवड केली तर मुलगे थोडे जास्त जन्मतात असेही आढळले आहे. वेगाने वाढणाऱ्याला जास्त गुण देणारे मशीन असेल, तर कोणी न सांगता, कोणाच्या मनात नसताना, मुलीचा नंबर मागे पडू शकतो. यात पाप कोणाचे? बुखारीच्या संग्रहाची सुरुवातच नियतीच्या हदीसने होते. मशीनला नियत नाही. डॉक्टरची नियत साफ आहे. आईबापांना काही माहीत नाही. आणि मुलगी मात्र मागे राहिली. नियत नसलेला अन्याय कोणत्या वहीत लिहायचा, हे आपल्या उलेमांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायला हवे. मशीन वापरणाऱ्याने जन्मलेल्या मुलामुलींची मोजदाद ठेवावी आणि जाहीर करावी, एवढी साधी मागणी तर आजच करता येईल. इमरानच्या पत्नीनेही पोटातले मूल अल्लाहच्या नावाने वाहिले होते, मुलगी झाल्यावर ती गोंधळली. ती मुलगी मरयम होती.

असो. आम्ही परत त्या घराकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

आपल्या समाजात बाईला गुण देण्याची सवय मशीनच्या पुष्कळ आधीची आहे. मुलगी पाहायला जातात तेव्हा रंगाला गुण, उंचीला गुण, चहाला गुण. निकाहानंतर वर्षभरात गोड बातमी नाही आली की गुण कापायला सुरुवात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन तलाक रद्द केला, त्याचे आम्ही स्वागत केले. पण "औलाद नहीं" या दोन शब्दांनी बाईचे जे होते त्याला तलाक लागतच नाही. तिला माहेरी पाठवतात आणि आणायला जात नाहीत. कुरआनात एकाच ठिकाणी, एकाच दमात सांगितले आहे की, अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच नाही. चौथे हे शिक्षा म्हणून आलेले नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा यांना मूल नव्हते. त्यांच्याकडून निम्मा दीन शिकलो म्हणणारे आपण, सुनेच्या बाबतीत ते विसरतो.

अशा घरात मशीनचा कागद आला. पूर्वी सासू म्हणायची, "मला वाटते हिच्यातच काहीतरी आहे." तो ज़न होता, त्यावर भांडता येत होते. आता तिच्या हातात छापील पुरावा आला. छायाचित्रासह, आकड्यासह. आणि वाचून दाखवणारे आम्ही.

सोलापूरहून परतताना एसटीत आम्ही सहज बिल चाळत होतो. त्यात 'इक्सी' असा एक शब्द दिसला, त्याचे वेगळे पैसे लावले होते. घरी येऊन पाहिले. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी ही पद्धत यशस्वी केली. एकेक शुक्राणू बारीक सुईने थेट बीजात सोडायचा. आज ती इतर कारणांनीही वापरतात, पण निघाली ती पुरुषाचे शुक्राणू कमी किंवा मंद असतील तर त्यावर उपाय म्हणून. म्हणजे फाइलमध्ये आणखी एक कागद असणार. त्या दिवशी आमच्यापुढे तो आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानावर गेलो. मुलगा मोटारीत तार भरत होता. आम्ही फक्त 'इक्सी' म्हणालो. त्याने हातातले काम ठेवले नाही. खाली बघूनच म्हणाला, "चाचा, अम्मी कू मत बोलो." त्याला ते चार वर्षांपासून माहीत होते. सुनेलाही माहीत होते. तिने नवऱ्याची लाज झाकली होती, आणि त्या झाकण्याच्या बदल्यात सात वेळा 'खराब' ऐकून घेतले होते. आम्हाला रागवावेसे वाटले, पण रागावण्याचा हक्क आम्ही गमावून बसलो होतो. एवढेच म्हणालो, "बेटा, मी तुझ्या बायकोचा कागद वाचला. आता तुझा कोण वाचणार?"

यावर दवाखाने काय करू शकतात? करण्यासारखे पुष्कळ आहे आणि खर्चाचे काही नाही. बीजाचा आकडा कागदावर छापून हातात देऊ नये. तो डॉक्टरांच्या कामाचा आहे, सासूच्या नाही. द्यायचाच तर पतीचा आणि पत्नीचा अहवाल एकाच पानावर द्यावा. मराठीत आणि उर्दूत द्यावा, आणि त्यात 'चांगले-खराब' न लिहिता 'शक्यता जास्त-शक्यता कमी' असे लिहावे. मशीनचा अंदाज किती वेळा चुकतो, हे त्याच पानावर यावे. आम्ही हे सगळे लिहून त्या दवाखान्याला पत्राने कळवले आहे. पोच आली, उत्तर आलेले नाही.

पहिल्या खेपेला सगळ्यांत जास्त आकड्याचा भ्रूण ठेवला होता. गर्भ राहिला नाही. भ्रूणतज्ज्ञ बाई म्हणाल्या, असे होते. दोन भ्रूण गोठवून ठेवले आहेत, एकाला ७.६ आणि एकाला ४.९. पुढच्या खेपेला पैसे जमले की ठेवायचे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शीरखुर्म्याला त्यांच्याकडे गेलो. भाभी पलंगावर, पडदा तसाच. मुलगा आत गेला, फाइल घेऊन बाहेर आला, शेवटचे पान उघडून आमच्या पुढ्यात ठेवले. "चाचा, आज ये पढो." आम्ही चष्मा लावला. या वेळी भाषांतर करायला आम्ही वेळ घेतला. संख्या कमी, हालचाल कमी, असे सांगितले. 'खराब' म्हणालो नाही.

भाभींनी विचारले, "किसका है ये?"

"मेरा, अम्मी."

भाभींना वाचता येत नाही. तरी त्यांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग पडद्याकडे मान वळवून म्हणाल्या, "अंदर काय कू बैठी गे? इधर आ."

सून आली, पडद्याच्या अलीकडे, सासूच्या शेजारी पलंगावर बसली. फाइल तिने स्वतःच्या हाताने बंद केली आणि आमच्या वाटीत आणखी शीरखुर्मा वाढला.